मत्स्यशोधक यंत्राचा ट्रान्सड्यूसर बोटीस कोठे व कसा बसवावा

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक बोटींवर मत्स्यशोधक यंत्र, म्हणजेच फिश फाइंडर, ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. तांडेलाच्या केबिनमध्ये एक लहानसा पडदा असतो. त्यावर समुद्राचा तळ, मधल्या पाण्यातील मासळीचे थवे आणि खडकाळ जागा यांच्या खुणा उमटतात. शिसे बांधलेली दोरी सोडून पाण्याचे वाव मोजण्याचे काम हे यंत्र क्षणार्धात करते, आणि शिशाला जे कधीच कळत नसे तेही सांगते. असे असले तरी यंत्र घेतल्यावर दोन-चार फेऱ्यांतच त्याच्यावरचा विश्वास उडालेले तांडेल पुष्कळ आढळतात. त्यांची तक्रार बहुधा एकच असते. बंदरात उभ्या बोटीवर यंत्र उत्तम दाखविते; पण बोट वेगाने चालू लागली की पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो, तळाची रेघ तुटते आणि खोलीचा आकडा लुकलुकू लागतो. मग यंत्र खोटे ठरते व त्याच्या पडद्यावर टॉवेल वाळत पडतो.

अशा बोटी वर ओढल्यावर तपासल्या तर बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. चुकलेली असते ती तळाशी बसविलेल्या ट्रान्सड्यूसरची जागा. पडदा कोठे लावावा याचा विचार चार जणांत बसून होतो. ट्रान्सड्यूसर मात्र सुतारास जेथे हात पोचतो तेथे बसविला जातो. वास्तविक पडदा कोठेही लावला तरी काही बिघडत नाही. ट्रान्सड्यूसरची जागा चुकली तर सर्व खर्च पाण्यात जातो. आणि भोक चुकीचे पडले तर बोटीत पाणी येते. म्हणून ग्रामसेवक, सागरमित्र व मच्छीमार सहकारी संस्थांचे कार्यकर्ते यांनी हा विषय नीट समजून घेऊन मच्छीमार बंधूंना बोट किनाऱ्यावर असतानाच सल्ला दिला पाहिजे.

यंत्रास ऐकू कसे येते

खोल विहिरीत हाक मारली असता ती परत ऐकू येते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. मत्स्यशोधक यंत्राचे कार्य याच तत्त्वावर चालते. ट्रान्सड्यूसरमध्ये सिरॅमिकची एक चकती असते. यंत्राकडून विजेचा ठोका आला की ती कंप पावते आणि पाण्यात ध्वनीची लहर सोडते. तळावर किंवा मासळीवर आपटून परत आलेली लहर तीच चकती टिपते व तिचे पुन्हा विजेत रूपांतर करते. म्हणजे यंत्राचे तोंड व कान एकच आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. तळ ३० मीटरवर असेल तर जाऊन येऊन ६० मीटरचा प्रवास ०.०४ सेकंदात पुरा होतो. जाण्यायेण्याचा हा वेळ मोजून यंत्र खोली काढते. व्यापारी मासेमारीसाठी उपयुक्त ठरेल असे यंत्र जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली प्रथम तयार केले. त्यानंतर पडदे बदलले, रंग आले. परंतु तळाशी असलेल्या चकतीचे काम तेच राहिले आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाण्यातून जाणाऱ्या ध्वनीच्या वाटेत हवा आली की तो पुढे जाण्याऐवजी जवळजवळ सगळाच परत फिरतो. पुष्कळशा माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. घोळ माशाचा जो बोत बाजारात मोठ्या किमतीस विकला जातो, तो म्हणजे हीच पिशवी होय. मासा यंत्रास स्पष्ट दिसतो तो मुख्यतः या हवेमुळे. सुरमईसारख्या ज्या माशांना अशी पिशवी नसते, त्यांची खूण फिकट उमटते. आता, मासळीच्या पोटातील एवढीशी हवा जर तीस मीटरवरून दिसते, तर ट्रान्सड्यूसरच्या अगदी तोंडाशी बुडबुड्यांचा पट्टा वाहत असेल तर काय होईल? ध्वनी त्या बुडबुड्यांवरच आपटून माघारी येईल व खालचे काहीच दिसणार नाही. जागेविषयीचे बहुतेक सर्व नियम या एका कारणातून निघतात.

दुसरी गोष्ट ध्वनीच्या झोताची. हा झोत विजेरीच्या उजेडासारखा खाली रुंद होत जातो. सामान्यतः या यंत्रांत २०० व ५० किलोहर्ट्झ अशा दोन कंपनसंख्या असतात. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद असून बारकावे चांगले दाखवितो. ५० किलोहर्ट्झचा रुंद असून अधिक खोल जातो. झोताचा कोन १२ अंश असेल तर ३० मीटर पाण्यात तळावर सुमारे सव्वासहा मीटर व्यासाचे वर्तुळ दिसते, आणि ४५ अंश असेल तर सुमारे २५ मीटरचे. हा झोत सरळ खाली गेला पाहिजे. ट्रान्सड्यूसर १५ अंश कलता बसला तर ३० मीटर खोलीवर झोताचा मध्य सुमारे ८ मीटर बाजूला पडतो. मग तळाचा प्रतिध्वनी दुबळा होतो, खोली थोडी अधिक दिसते, आणि मासळी बोटीखाली आहे असे समजून जाळे टाकावे तर ती तेथे नसते.

लाकडी बोटीस जागा निवडणे

आपल्याकडील पठाण असलेल्या, बेताच्या वेगाने चालणाऱ्या यांत्रिक बोटी पाणी कापीत जातात. नाळ पाण्यात घुसते तेव्हा हवा खाली दाबली जाते व तिचे बुडबुडे तळाच्या दोन्ही अंगांनी मागे वाहतात. नाळेच्या अगदी जवळ ट्रान्सड्यूसर बसविला तर लाटेवर बोट उचलली जाताच तो पाण्याबाहेर येतो किंवा फेसात सापडतो. फार मागे बसविला तर पंख्याने घुसळलेले पाणी व इंजिनाचा धडधडाट त्यास ऐकू देत नाही. म्हणून नाळेपासून मोजले असता बोटीच्या लांबीचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग, या दरम्यानची जागा सर्वसाधारणपणे चांगली समजतात. समजा, बोट १२ मीटर लांब आहे. तर नाळेपासून ४ ते ६ मीटरांच्या टापूत जागा शोधावी. ती पठाणापासून सुमारे १५ ते ३० सेंटिमीटर बाजूला असावी. पठाणास अगदी चिकटून बसविल्यास झोताचा एक भाग पठाणावरच आपटतो व एका अंगाचे पाणी झाकले जाते. फार बाहेर नेल्यास बोट हेलकावे खाताना ट्रान्सड्यूसर वर येतो.

उजवी बाजू की डावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बोटीच्या मागे उभे राहून पाहिले असता पंखा पुढे जाताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर उजव्या बाजूस पंख्याची पाती खाली जात असतात. ती बाजू पसंत करावी. पंखा उलट फिरत असेल तर डावी. परंतु या नियमासाठी दुसरी सर्व सोय बिघडवू नये. ज्या बाजूने जाळे ओढले जाते त्या बाजूस तळाशी कोणतेही टोक पुढे आलेले असणे इष्ट नाही. तेथे जाळ्याचा दोर अडकतो, आणि मग जाळे व ट्रान्सड्यूसर यांपैकी एकाची आशा सोडावी लागते. दोन्ही नियमांत विरोध आला तर जाळ्याची बाजू सोडणे शहाणपणाचे.

निवडलेल्या जागेच्या पुढे, त्याच रेषेत, तळास काय काय आहे ते पाहावे. इंजिनास थंड करण्यासाठी पाणी घेणारे तोंड, पाणी बाहेर टाकणारी नळी, तळास मारलेली पट्टी, वर आलेला खिळा, झिंकचा ठोकळा, फळ्यांचा उंचसखल सांधा या प्रत्येकाच्या मागे पाणी फुटते व बुडबुड्यांची शेपटी तयार होते. ही शेपटी पुष्कळ लांब जाते. ट्रान्सड्यूसरच्या पुढचा तळ जेवढा दूरवर गुळगुळीत असेल तेवढा चांगला.

बोट ओढून वर घेतल्यावर ती धुण्यापूर्वीच तळाचे निरीक्षण करणे हा अत्यंत उपयुक्त उपाय आहे. हंगामभर पाणी कोठून कसे वाहिले याच्या खुणा रंगावर व शेवाळावर स्पष्ट राहतात. फेसाळ पाणी जेथून सतत गेले तेथील रंग वेगळा झिजलेला असतो. पण बोट वर आली की पोरे लगेच खरवडू लागतात आणि हा लिहिलेला कागद पुसला जातो. तांडेलाने त्यांना एक दिवस थांबवून खडूने खुणा करून घ्याव्यात.

आपल्या खाड्यांतील एका अडचणीचा उल्लेख यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकांत सहसा नसतो. ओहोटीस पुष्कळ बोटी चिखलात किंवा वाळूत बसतात. बोट एका कुशीवर कलंडते ती बहुधा नेहमी त्याच कुशीवर. त्या बाजूस ट्रान्सड्यूसर असेल तर बोटीचा सारा भार त्यावर येतो आणि तो फुटतो, किंवा तळाची फळीच उचकटतो. बोट कोणत्या बाजूस कलंडते हे तांडेलास विचारून दुसरी बाजू घ्यावी, आणि ट्रान्सड्यूसर त्याच्या ठोकळ्यासह पठाणाच्या खालच्या कडेपेक्षा वरच राहील असे पाहावे.

शेवटची अट आतल्या बाजूची. ज्या ठिकाणी भोक पडणार तेथे आतून हात पोचला पाहिजे. बर्फाच्या खणाखाली किंवा डिझेलच्या टाकीखाली भोक पाडणे म्हणजे गळती लागली असता ती दिसूच नये अशी व्यवस्था करणे होय. खण भरलेला आहे, वारा वाढलेला आहे आणि पंप चालूनही पाणी वाढत आहे, अशा रात्री खण उपसून भोक शोधणे शक्य नसते. जागा यंत्राच्या दृष्टीने कितीही उत्तम असली तरी आतून मोकळी नसेल तर ती सोडावी. याबाबत तडजोड करू नये.

एवढे करूनही शंका राहिली तर भोक पाडण्याची घाई नको. बंदीपूर्वीच्या शेवटच्या फेऱ्यांत ट्रान्सड्यूसर एका मजबूत वाशाच्या टोकास बांधून बोटीच्या कडेने पाण्यात धरावा व मंद वेगाने चालवून यंत्र काय दाखविते ते पाहावे. वेग फार वाढवू नये. वासा मोडण्याचा संभव असतो. या चाचणीने जागेचा पक्का निकाल लागतो असे नाही, पण स्वच्छ पाण्यात आपले यंत्र कसे दाखविते याचा नमुना डोळ्यांपुढे राहतो आणि नंतरच्या तपासणीस तो फार उपयोगी पडतो.

फायबरच्या बोटी

बाहेरून इंजिन लावलेल्या फायबरच्या लहान होड्यांस तळाला भोक पाडण्याची गरज नाही. त्यांच्या पिछाडीच्या उभ्या फळीवर कंसाने अडकविण्याचा ट्रान्सड्यूसर मिळतो. तो पंख्याच्या मध्यापासून निदान ३८ सेंटिमीटर दूर, पंख्याची पाती खाली जातात त्या बाजूस लावावा. त्याचा खालचा पृष्ठभाग होडीच्या तळापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली असावा. वर राहिला तर तळाच्या कडेवरून सुटणारा फेस त्याच्या तोंडावर येतो. फार खाली गेला तर तोच पाणी फाडून फेस तयार करतो. तळास लांबीच्या दिशेने उभार पट्ट्या असतात, त्यांच्या सरळ मागे लावू नये. होडी वेगाने चालवून पिछाडीस वाकून पाहिले तर काही ठिकाणी पाणी फेसाळ व काही ठिकाणी काचेसारखे सुटताना दिसते. काचेसारखे पाणी जेथे दिसेल ती जागा. रोज वाळूवर ओढल्या जाणाऱ्या होडीस असा कंस घ्यावा की धक्का बसताच ट्रान्सड्यूसर वर उचलला जाईल, आणि होडी ओढण्यापूर्वी तो हाताने वर करण्याची सवय ठेवावी.

फायबरच्या तळास आतून चिकटविण्याचाही एक प्रकार आहे. त्यात भोक नाही, शेवाळ नाही, जाळे अडकण्याचे भय नाही. म्हणून तो लोकांस आवडतो. पण ध्वनीस तळाच्या जाडीतून जावे लागते व त्याची थोडी शक्ती तेथेच खर्च होते. खोल पाण्यात याचा तोटा जाणवतो. शिवाय हा प्रकार फक्त भरीव फायबरला चालतो. तळाच्या दोन थरांमध्ये फोम किंवा लाकूड भरलेले असेल, किंवा तळ लाकडाचा वा लोखंडाचा असेल, तर तो मुळीच उपयोगाचा नाही. चिकटविण्यापूर्वी परीक्षा करणे अगदी सोपे आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरून, हवा काढून, तीत ट्रान्सड्यूसर ठेवावा. तळाच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी ओतून त्यावर ती पिशवी दाबून धरावी. बोट पाण्यात असताना यंत्र तळ व्यवस्थित दाखवू लागले तर जागा योग्य. मग पृष्ठभाग घासून, ग्रीस व तेल काढून, इपॉक्सीत एकही बुडबुडा अडकू न देता चिकटवावा. तेथे अडकलेला वाटाण्याएवढा बुडबुडादेखील पुढे नेहमीची कटकट होऊन बसतो.

धातू, कल आणि ठोकळा

तळातून बसविण्याचा ट्रान्सड्यूसर घेताना त्याचे बाहेरील कवच कशाचे आहे ते विचारावे. लाकडी बोटीस ब्राँझचेच कवच घ्यावे. लाकूड पाण्यात फुगते व प्लॅस्टिकच्या कवचास आवळून फोडते. हे किनाऱ्यावर नव्हे, बोट पाण्यात गेल्यावर घडते. फायबरच्या बोटीस प्लॅस्टिक किंवा ब्राँझ दोन्ही चालतात. लोखंडी बोटीस स्टेनलेस पोलाद किंवा प्लॅस्टिक घ्यावे. ब्राँझ व लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की लोखंड खाल्ले जाते. अॅल्युमिनिअमच्या बाबतीत तर ते फारच लवकर घडते.

यानंतर तळाचा कल मोजावयाचा. किनाऱ्यावर टेकू दिलेली बोट पाण्यात असते तशी सरळ उभी नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भरलेल्या बोटीस पाणी कोठवर लागते त्या खुणा दोन्ही बाजूंस, पुढे व मागे, असतातच. गवंडी ज्या पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी पाहतात, ती नळी घेऊन या खुणा एका पातळीत येईपर्यंत टेकू सारखे करावेत. मग निवडलेल्या जागी एक मीटर लांबीची सरळ पट्टी पठाणाकडील टोक तळास टेकवून, पाणसळीने आडवी धरावी व दुसऱ्या टोकापासून तळ किती उंच आहे ते मोजावे. हे अंतर १७.६ सेंटिमीटर भरले तर कल १० अंशांचा, २१.३ भरले तर १२, २६.८ भरले तर १५, आणि ३६.४ भरले तर २० अंशांचा. हा आकडा लिहून ठेवावा व ट्रान्सड्यूसर खरेदी करताना सोबत न्यावा. आतील चकती १२ किंवा २० अंश कलती बसविलेले ट्रान्सड्यूसर बाजारात मिळतात. ते फायबरच्या बोटीस तळाशी सपाट बसतात व झोत मात्र सरळ खाली सोडतात. दुकानात जो शिल्लक असेल तो घेण्यापेक्षा हे अनेक पटींनी चांगले. कलत्या चकतीचा ट्रान्सड्यूसर बसविताना त्यावरील बाण यंत्राच्या सूचनेत सांगितलेल्या दिशेसच ठेवावा; तो फिरला तर कल दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होतो.

लाकडी बोटीस बहुधा ठोकळा करून घ्यावा लागतो. सागाच्या ठोकळ्यास मोजलेल्या कलाप्रमाणे तिरका छेद देऊन एक तुकडा तळाबाहेर व दुसरा उलटा आत बसविला की ट्रान्सड्यूसरची दांडी सरळ उभी राहते व आतील नटाखाली सपाट जागा मिळते. बाहेरील ठोकळा लहानशा होडीच्या आकाराचा असावा. त्याचे पुढचे टोक निमुळते, अंगे गोलसर व पृष्ठभाग गुळगुळीत असला तर पाणी न फुटता त्यावरून सरकते. चौकोनी ठोकळा ठोकून दिला तर जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच तेथे निर्माण होते. आपले बोटबांधणी करणारे सुतार नाळेस आकार देण्यात निष्णात असतात. त्यांना कारण समजावून सांगितले की असा ठोकळा ते अर्ध्या दिवसात करून देतात.

भोक पाडणे व बसविणे

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते व बोटी शाकारलेल्या असतात. हे काम याच काळात करावे. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीस तळाखाली भोक पाडण्याचे धाडस कोणी करू नये.

प्रथम आतून बारीक भोक पाडून ते बाहेर कोठे निघते ते पाहावे. ते वाकास किंवा फळ्यांच्या सांध्यास लागत असेल तर तेथेच थांबून ते बुजवावे व जागा थोडी सरकवावी. सर्व ठीक असेल तर बाहेरून, ट्रान्सड्यूसरच्या दांडीच्या मापाच्या गोल करवतीने, मुख्य भोक पाडावे. दांडी तिरक्या फळीतून उभी जाणार असल्यामुळे भोकही फळीस काटकोनात न पाडता उभेच पाडावे लागते. फायबरवर आधी चिकटपट्टी लावली म्हणजे कडेचे टवके उडत नाहीत. आणि तळात फोमचा थर असेल तर कडेचा फोम कोरून काढून ती जागा इपॉक्सीने भरावी, नाहीतर पाणी त्या थरात शिरून सर्व तळ कुजवील.

लाकडी बोटीत भोकाची आतली कड म्हणजे पाण्याखाली उघडे पडलेले कोरे लाकूड होय. रंगाचे किंवा तेलाचे संरक्षण तेथे नसते. लाकूड पोखरणारा टेरेडो किडा अशीच जागा शोधतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते आणि आत फळी पोकळ झालेली असते. म्हणून कडेस इपॉक्सीचे दोन हात देऊन ती पूर्ण वाळू द्यावी. नंतर पाण्याखाली वापरण्याचे, समुद्री बोटींसाठी असलेले सांधाबंद रबरी मलम दांडीभोवती, ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंस व भोकाच्या भिंतीस भरपूर लावून ट्रान्सड्यूसर बसवावा. घर बांधताना वापरतात ते मलम येथे टिकत नाही. नट आवळताना मलम सर्व बाजूंनी सारखे बाहेर आले पाहिजे. प्लॅस्टिकचा नट हाताने आवळून नंतर थोडासाच पान्याने आवळावा. जोर केल्यास आटे जातात.

लाकडी बोटीस आणखी एक पथ्य आहे. दोन महिने किनाऱ्यावर राहून फळ्या आक्रसलेल्या असतात. बोट पाण्यात गेल्यावर त्या फुगतात व नटाची पकड बदलते. तेव्हा बोट उतरविल्यावर लगेच, मग काही तासांनी व दुसऱ्या दिवशी आतून हात लावून पाहावे आणि लाकूड फुगल्यानंतर नट पुन्हा तपासून आवळावा. बारीक गळती डोळ्यास दिसत नाही. दांडीभोवतीची जागा कोरड्या फडक्याने पुसून त्यावर राख भुरभुरली तर ओल चटकन कळते. भोकाच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी व एक हातोडा त्या जागेशेजारी कायम बांधून ठेवावा. इतर सामानात ठेवलेली खुंटी वेळेवर सापडत नाही.

ट्रान्सड्यूसरची केबल कधीही कापू नये व जोडू नये. ती उरली तर सैल वेटोळे करून कोरड्या जागी बांधावी. इंजिनाच्या डायनामोच्या, वायरलेसच्या व दिव्यांच्या तारांपासून ती दूर न्यावी, आणि बर्फाच्या खणाशेजारून नेताना प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी. यंत्रास वीज थेट बॅटरीपासून, फ्यूज घालून द्यावी.

तळास रंग देण्याच्या दिवशी ट्रान्सड्यूसरकडे कोणीतरी लक्ष ठेवले पाहिजे. सवयीप्रमाणे डांबराचा कुंचला त्याच्या तोंडावरून फिरला की यंत्र बहिरे झालेच. शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून पाण्यात कालवलेला शेवाळरोधक रंग पातळ लावण्यास हरकत नाही. तीव्र वासाच्या द्रावकातील रंग मात्र त्याचे प्लॅस्टिकचे तोंड खातो. साफ करताना मऊ फडके व साधा साबण वापरावा. कोयत्याने खरवडू नये.

बोट उतरल्यावरची परीक्षा

पहिल्या फेरीस खाडीच्या मुखाबाहेर, सपाट तळाच्या जागी, इंजिन बंद करून शिशाच्या दोरीने पाणी मोजावे. यंत्र खोली बहुधा ट्रान्सड्यूसरपासून मोजते. म्हणून ट्रान्सड्यूसर पाण्याखाली जेवढा असेल तेवढा फरक दोन्ही मापांत पडणार, तो यंत्रात भरून घ्यावा. नंतर इंजिन चालू करून बोट उभीच ठेवावी. एवढ्याने पडद्यावर ठिपके आले तर दोष तारांचा किंवा विजेचा आहे असे समजावे. ठिपके आले नाहीत तर वेग हळूहळू वाढवीत न्यावा आणि तळाची रेघ ज्या वेगास तुटू लागते तो वेग लिहून ठेवावा. उभ्या बोटीवर रेघ स्वच्छ व चालत्या बोटीवर तुटक, हे बुडबुड्यांचे लक्षण आहे. यंत्राची संवेदनशक्ती वाढवून ते जात नाही, उलट पडदा अधिक भरतो. रिकाम्या बोटीवर रेघ तुटते आणि बर्फ, डिझेल व मासळी भरल्यावर सुधारते असे आढळले, तर ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाच्या फार जवळ आहे. तसे असेल तर पुढील हंगामात ठोकळ्याची जाडी वाढवून तो थोडा खाली घेता येतो, मात्र पठाणाच्या कडेखाली जाऊ देऊ नये. आणि भरलेल्या बोटीवर, जाळे ओढण्याच्या वेगास रेघ अखंड राहात असेल, पण बंदराकडे पूर्ण वेगाने परतताना तुटत असेल, तर ट्रान्सड्यूसरला हात लावू नये. जाळे टाकण्याच्या वेळी तो आपले काम करीत आहे.